कुलपाच्या आत माणूस असतो

साहेब कुणाच्याही लग्नाला गेले की आधी नवरानवरीकडे बघत नसत, कार्यालयातून बाहेर पडायचं दुसरं दार कुठे आहे ते बघत. ते दार सापडलं आणि त्याच्यापुढे कुणी खुर्च्यांची चळत लावलेली नाही अशी खात्री पटली, की मग चेहरा सैल व्हायचा आणि ते अक्षता हातात घ्यायचे. खुर्च्या असल्या तर अक्षता नंतर, आधी खुर्च्या. मोशीच्या एका कार्यालयात मंगलाष्टकं चालू असताना हा साठीला आलेला माणूस सफारी सूट घालून एकटा खुर्च्या वाहत होता आणि नवरीकडची मंडळी त्यांना वाढपी समजून पाणी मागत होती. साहेबांनी पाणीही आणून दिलं.

आहेर ठरलेला. आग विझवायचा छोटा लाल सिलिंडर, त्याला चमकीची रिबन. तो नुसता देऊन खाली उतरतील तर साहेब कसले. फोटोवाल्याला हाताने थांबवायचं, मागची रांग ताटकळत ठेवायची आणि पिन कशी ओढायची, नळी आगीच्या बुडाशी कशी धरायची, ते नवरानवरीला उभ्या उभ्या समजावून सांगायचं. "दोघांनी शिकायचं. एकाला येतं आन् दुसऱ्याला न्हाई, आसं चालनार न्हाई. ज्याला येतं तो नेमका घरात नसतो." मग दरवर्षी लग्नाच्या वाढदिवसाला त्यांचा फोन. शुभेच्छा वगैरे काही नाही. सिलिंडरला दाब दाखवणारा काटा असतो, तेवढंच विचारायचं. "काटा हिरव्यात हाय ना?" हाय म्हटलं की फोन बंद.

चाकणच्या आमच्या कंपनीत ते सेफ्टी ऑफिसर होते. मी क्वालिटीत. माझं घर कुरुळीत, पिढ्यानपिढ्यांचं. शेत गेलं, त्या जागी वडिलांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या आणि तिथे कुठून कुठून आलेली कंपन्यांची पोरं राहतात. त्यातलाच एक लातूरचा बालाजी, आमच्याच कंपनीत प्रेस शॉपला, पत्रे दाबायच्या मशीनवर. मी घरमालकाचा मुलगा म्हणून तो मला 'मालक' म्हणायचा, आणि महिन्याला भाडं द्यायला आला की ओट्यावर बसून आईच्या हातचा चहा पिऊन, दोन गप्पा मारून जायचा. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे माझा जीव त्या चहापाशीच अडकला होता.

साहेबांच्या भाच्याने परदेशातून येताना एक खेळ आणला होता. पटाचा नव्हे, गोष्टीचा. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी वैदू, आणि आपलं पात्र काय करतंय ते आपण तोंडाने सांगायचं. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. उरलेलं सगळं जग, म्हणजे राजे, राक्षस, खानावळवाल्या, वारापाणी, हे एक जण चालवतो. त्याला साहेब कारभारी म्हणत. कारभारी अर्थातच ते स्वतः.

भाचा चार दिवसांत कंटाळला. साहेबांनी मात्र नियमांचं ते जाडजूड पुस्तक नव्या मशीनचं मॅन्युअल वाचावं तसं पेन्सिलीने खुणा करत वाचून काढलं आणि त्यांना त्यात मोठी उणीव सापडली.

"उंचावरनं पडला तर काय, त्येचं दीड पान," ते आम्हाला कँटीनमध्ये सांगत होते. "ईख चढलं तर काय, बुडाला तर काय, समदं हाय. आन् ही तरनीताठी पात्रं महिनोन्‌महिने एकत्र हिंडनार, त्यांचं कुनावर मन बसलं तर काय करायचं, एक वळ न्हाई. समद्यात जास्त अपघात तिथंच व्हत्यात, राव."

आमच्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. त्यामुळे गुरुवारी दुपारी चिंचवड स्टेशनजवळच्या साहेबांच्या फ्लॅटवर आमचा खेळ भरायला लागला. साहेब, बालाजी, मी आणि आमच्या डिझाइनमधली वैशाली. ती आधी दुसऱ्या एका टोळक्यात हाच खेळ खेळून, वैतागून सोडून आलेली होती. तिथे म्हणे तिची तिरंदाज बाई कुठल्याही गावात शिरली की वेशीवरच्या पहारेकऱ्यापासून सगळे तिची छेड काढायचे आणि टेबलावरचे सगळे दात काढायचे. "मी सुट्टीच्या दिवशीसुद्धा तेच ऐकायला का जाऊ?" असा तिचा प्रश्न होता. साहेबांनी तो गंभीरपणे ऐकून घेतला.

साहेब घरात एकटेच राहत. खेळायला बसताना ते पायात सेफ्टी शूज चढवत. बालाजीने एकदा विचारलं, "फासा पायावर पडायलाय का साहेब?" साहेब म्हणाले, "सवय मोडली की संपलं," आणि लेस ओढून बांधली.

कंपनीत शिफ्ट सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं उभं राहून बोलतात, आज काय काम आहे, धोका कुठे आहे. साहेबांनी तेच खेळाला लावलं. पहिल्या गुरुवारी चहा आला, चिवडा आला, आणि कानात बोळे घातलेत का असं विचारावं त्या चेहऱ्याने साहेबांनी विचारलं, "गोष्टीत लढाई, रक्त चालंल? बरं. प्रेम चालंल? कुनाला नको? आन् शरीराचं किती? दारापतोर का दाराच्या आत?"

बालाजी लाल झाला. त्याच्या गावाकडे हे शब्द चारचौघांत कुणी, त्यातही एका बाईसमोर, उच्चारत नाही. आमच्याकडेही नाही. वैशाली मात्र सरळ म्हणाली, "दारापर्यंत." मी मान हलवली. बालाजीने चिवड्यातले दाणे शोधत "दारापर्यंतच" म्हटलं. झालं, नियम ठरला. त्यानंतर गोष्टीतली कुठलीही दोन माणसं एकमेकांना राजी होऊन खोलीत गेली की साहेब म्हणायचे, "दार लागलं. सकाळ झाली." आणि खरोखरच पुढची सकाळ सुरू व्हायची. आत काय झालं ते ज्याचं त्याच्याकडे. ना कुणी खाकरायचं, ना कुणी डोळा मारायचा.

दुसरा नियम कुलपाचा. मशीन दुरुस्त करायला कुणी आत शिरणार असेल तर मेन स्विच पाडून त्यावर तो स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. चार जण आत जाणार असतील तर एका लोखंडी कडीत चार कुलपं. एक जरी लटकत असेल तरी मशीन चालू होत नाही, आणि दुसऱ्याचं कुलूप मॅनेजरनेसुद्धा काढायचं नाही. साहेबांनी तशीच कडी टेबलाच्या मध्यावर बसवली आणि प्रत्येकाला एक पितळी कुलूप दिलं. गोष्टीत काही नकोसं यायला लागलं तर कुलूप अडकवायचं. गोष्ट तिथे थांबणार. का लावलं हे कुणी विचारायचं नाही. काढायचं ते लावणाऱ्यानेच.

वैशालीने पहिल्याच दिवशी ते तपासलं. आमची पात्रं एका जळत्या पुलावर, मागे राक्षस, आणि हिने काही कारण नसताना कुलूप अडकवलं. साहेबांनी वाक्य अर्धवट सोडलं, उठून चहा टाकला आणि गॅसच्या नळीवर एक्सपायरी छापलेली असते ती कुणी बघतं का, या विषयावर बोलत राहिले. चहा संपला, कप धुऊन झाले, राक्षस तसाच पुलावर. शेवटी वैशालीने हसून कुलूप काढलं. साहेबांनी तेच वाक्य जिथे सोडलं होतं तिथून पुरं केलं. त्यानंतर ती एकही गुरुवार चुकली नाही.

बालाजीला हे सगळं उमगायला वेळ लागला. त्याचा योद्धा एका खानावळवालीवर फिदा झाला होता आणि बालाजी फासा मुठीत हलवत म्हणाला, "वीस पडले तर ती माझ्या प्रेमात."

"फासा तुज्या बोलन्यावर टाक," साहेब म्हणाले. "बोलनं कसं झालं ते कळंल. तिच्या मनावर फासा न्हाई."

"मग जिंकायचं कसं?"

"जिंकायची गोष्ट हाय का ती?"

बालाजीने फासा टाकला, वीस पडले. साहेब म्हणाले, योद्धा फार सुंदर बोलला, खानावळवालीने मन लावून ऐकलं, आणि नाही म्हणाली. बालाजी घरी जाईपर्यंत धुमसत होता. पण पुढच्या वर्षी त्याच्या घरच्यांनी एक मुलगी दाखवली, तेव्हा हा गडी सगळ्यांसमोर तिला विचारता झाला, "तुम्हाला मी पसंत हाव का, खरं सांगा." त्याच्या सात पिढ्यांत कुणी विचारलं नव्हतं. ती हो म्हणाली.

आता माझं सांगतो. माझं पात्र जासूद होतं, राजाचे निरोप घोड्यावरून पोचवणारा. वाटेत एक मोठी नदी, आणि नदीवर एक तरुण नावाडी. म्हणजे साहेबच. साहेब आवाजबिवाज बदलत नसत. टक्कल, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, पायात सेफ्टी शूज, आणि म्हणतात, "नावाडी म्हन्तोय, पानी चढलंय, बसा जरा." यात भुलण्यासारखं काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. पण त्या नावाड्याने माझ्या जासुदाला भाकरी दिली आणि कुणाचा कोण, लग्न झालं का, काही विचारलं नाही. त्यानंतर माझ्या जासुदाला दर गुरुवारी नदी ओलांडायचं काही ना काही काम निघू लागलं.

मला मुली नाही, मुलगे आवडतात, हे मला बारावीपासून माहीत होतं. पण हे वाक्य मी मनातल्या मनातसुद्धा पुरं केलेलं नव्हतं. घरी स्थळं बघणं चालू होतं आणि मी शिफ्ट, ओव्हरटाइम, काही ना काही पुढे करून ढकलत होतो. गोष्टीतल्या घाटावर मात्र मला बरं वाटायचं. मग एका गुरुवारी साहेब म्हणाले, "नावाडी म्हन्तोय, आज मुक्काम करता का?" आणि मी नावाड्याकडे नाही, बालाजीकडे बघितलं. तो चिवडा खात सहज बघत होता. हा महिनाअखेरीला आमच्या ओट्यावर बसणार, आई विचारणार, काय रे, गुरुवारी काय खेळता तुम्ही, आणि हा हसत हसत सांगणार. मी कुलूप कडीत अडकवलं.

"ह्याच्यात थांबण्यासारखं काय हाय?" बालाजी म्हणाला.

"कुलूप दिसतंय ना? बास," साहेब म्हणाले आणि चहा टाकायला उठले.

मी ते कुलूप त्या दिवशी काढलं नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. साहेबांनी मला बाजूला घेतलं नाही, खांद्यावर हात ठेवला नाही, काही नाही. त्यांनी फक्त गोष्टीतला रस्ता बदलला. कुलूप घाटावरचं, तेव्हा बंद ती फक्त नदी, असं धरून सगळा तांडा डोंगरातून वळवला. डोंगरात बर्फ, दरडी, लांडगे. फाशांनीही दावा साधला. बालाजीची घोडी एकामागून एक मरायला लागली आणि तो कळवळून म्हणायचा, "साहेब, नदी हाय की तिथं, सरळ रस्ता हाय, आपण इकडून कशाला मरायलोय?" साहेब म्हणायचे, "नदी बंद हाय. टाक फासा." दीड-दोन महिने त्यांनी नवी दऱ्याखोरी रचली, ती माझ्या एका कुलपासाठी. हे तेव्हा मला कळत होतं.

एकदा बालाजीने गमतीने कुलपाला हात घातला. "उघडतंय का बघू." साहेब ताडकन उभे राहिले. त्यांना चिडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

"हात काढ," ते म्हणाले. बालाजीने काढला. मग खाली बसून, चष्मा पुसत, साहेब बोलले. "माज्या पयल्या कंपनीत एकानं दुसऱ्याचं कुलूप कापलं. लावनारा इसरून घरी गेला आसंल म्हनून. तो गेला नव्हता." "कुलूप दिसलं की आत मानूस हाय आसं समजायचं. का शिरलाय, कवा निगनार, त्येचं तो बघंल. आपन बाहेर थांबायचं."

बालाजीने त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मी फासे रंगांप्रमाणे लावत बसलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत देहूचं एक स्थळ आलं आणि या वेळी आईने मला न विचारता रविवार ठरवून टाकला. "पोरगी शिकल्याली हाय. तू नुसता येऊन बस, आमी बोलू," ती म्हणाली. मला घरी नाही म्हणायचं होतं, आणि त्याआधी कुठेतरी एकदा हो म्हणून बघायचं होतं. त्या गुरुवारी मी किल्ली बरोबर नेली. पाच मिनिटांचं बोलणं झालं, चहा झाला, मी कुलूप काढून आपल्यासमोर ठेवलं.

साहेबांनी भुवईसुद्धा उचलली नाही. "पुढं?"

"जासूद घाटावर परत येतो."

"नावाडी म्हन्तोय, लई दिस लागले."

"रस्ता डोंगरातून होता."

"नावाडी म्हन्तोय, पानी चढलंय. मुक्काम करता का?"

"करतो."

"वसरीवर का आत?" साहेबांनी विचारलं. मोघम परवानगी ते कंपनीत कधी चालवून घेत नसत, इथेही नाही.

"आत," मी म्हणालो.

"नावाड्याचीबी तीच मर्जी हाय." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "दार लागलं. सकाळ झाली. बालाजी, घोडी कुठं बांधलीत?"

एवढंच. वैशालीने चिवड्याची वाटी माझ्याकडे सरकवली. कुठे छत कोसळलं नाही. राजे, राक्षस, खानावळवाल्या यांच्या त्या जगात माझीही एक सकाळ झाली, आणि ती इतरांच्या सकाळींइतकीच साधी होती. मला रडू येत होतं म्हणून मी चिवडा खात राहिलो.

घरी जाताना बालाजी माझ्या गाडीवर मागे. इंद्रायणीच्या पुलावर म्हणाला, "मालक, म्हणजे आता नदीवरून जाता येईल?"

"येईल."

"बरं झालं. लई घोडी मेली माझी." मग कुरुळीच्या अलीकडे, सिग्नलला गाडी थांबल्यावर, "काकूंकडं मी चहा प्यायला जातो. चहा पितो आणि येतो. तिथं दुसऱ्याच्या गोष्टी सांगत नाही मी, कधीच."

मी देहूला गेलो नाही. घरात आदळआपट झाली. वर्षभराने आईला खरं सांगितलं. ती बराच वेळ गहू निवडत राहिली आणि म्हणाली, "मला न्हाई कळलं. परत सांग." मी परत सांगितलं. तिला अजून पुरतं कळलेलं नाही, पण स्थळं बघणं तिने थांबवलं आणि वडिलांना कसं थोपवलं ते तिलाच ठाऊक.

साहेबांचे आभार मानायचा मी एकदा प्रयत्न केला. ते म्हणाले, "म्या काय केलं? दार लावलं." आणि विषय गॅसच्या नळीवर गेला. त्यांना माझं कधीपासून ठाऊक होतं, त्यांनी तो नावाडी मुद्दाम तिथे उभा केला होता का, मला माहीत नाही. आणि त्यांचं स्वतःचं म्हणाल तर वैशालीने एकदा न राहवून विचारलं होतं, "साहेब, तुमचं कधी कुणावर मन बसलं होतं का हो?" साहेबांनी खिशातून एक जुनं, रंग उडालेलं लाल कुलूप काढलं, कंपनीतलं असावं, आणि कडीत अडकवलं. आम्ही चहा प्यायलो. ते कुलूप तिथून कधीच निघालं नाही. त्यांच्याच नियमाप्रमाणे त्यामुळे खेळ बंद पडायला हवा होता. साहेब म्हणाले, हे मशीन येगळं हाय, तुमी खेळा.

पुढे ते रिटायर झाले आणि मावळात गावाकडे राहायला गेले. गुडघे दुखतात म्हणून लग्नांना फारसे जात नाहीत. मागच्या वर्षी मी आणि तो, म्हणजे ज्याच्याबरोबर मी राहतो तो, आम्ही चिखलीत वन बीएचके भाड्याने घेतला. कुणाला बोलावलं नाही. आमच्यासारख्यांना बोलवायचं तरी कशाला असतं? ना कार्यालय, ना मंगलाष्टकं. बालाजीला तेवढं कळवलं होतं. आठवड्याने दारावरची बेल वाजली. बाहेर साहेब, जिन्याने धापा टाकत आलेले. एका हातात ड्रिल मशीन, काखेत लाल सिलिंडर. सिलिंडरला चमकीची रिबन.

आत आल्यावर त्यांनी आधी गॅलरीतून खाली जायला वाट आहे का बघितलं, नाही म्हणून नाराज झाले. मग स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, गॅसपासून लांब, भिंतीला भोक पाडून सिलिंडर टांगला आणि आम्हा दोघांना समोर उभं केलं. तो बिचारा त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. पिन कशी ओढायची, नळी आगीच्या बुडाशी कशी धरायची. "दोघांनी शिकायचं. एकाला येतं आन् दुसऱ्याला न्हाई, आसं चालनार न्हाई. ज्याला येतं तो नेमका घरात नसतो." बालाजीच्या लग्नात स्टेजवर मी हेच ऐकलं होतं. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता.

चहा घेऊन साहेब उठले. दारात वाकून बूट घालता घालता त्यांनी विचारलं, "राहायला कंच्या तारखेला आला?" मी सांगितली. त्यांनी ती मोबाइलमध्ये टाकली आणि बाहेर पडून, आम्ही पुढे व्हायच्या आत, दार आपल्या हाताने ओढून घेतलं.

परवा ती तारीख होती. सकाळीच फोन वाजला.